वरवंट्याचं टोपडं

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत आणि आजूबाजूच्या दोन-तीन सेक्टरांत कुणाकडे मराठी बारसं निघालं की फोन मला येतो. माझ्याकडे मूल नाही, पण वरवंटा आहे. मिक्सर इथे प्रत्येकीकडे आहे, एअर फ्रायर आहे, हवा साफ करायचं मशीन आहे, पाटा-वरवंटा मात्र कुणाकडे नाही. आणि वरवंट्याशिवाय बारसं कुणालाच पटत नाही. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला न्हाऊ घालायचं, झबलं-टोपडं चढवायचं, काजळाची तीट लावायची, मग बायकांनी तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात द्यायचा. त्यानंतर बाळाची पाळी. बाळ दगडासारखं टणक निपजावं म्हणून असं करतात म्हणे. माझ्या सासूबाई म्हणतात, लागायची ती नजर आधी दगडाला लागावी म्हणून.

सासूबाईंना मी आईच म्हणते. हा पाटा-वरवंटा त्यांनीच आणला. आमचं लग्न झाल्यावर पहिल्यांदा नागपूरहून आल्या, तेव्हा पाटा चादरीत गुंडाळून बर्थखाली आणि वरवंटा पिशवीत घालून उशाशी. निजामुद्दीनला उतरल्यावर ती पिशवी मी उचलायला गेले आणि माझा खांदाच निखळायची वेळ आली. मी म्हटलं, "अहो आई, मिक्सर आहे की घरात!" तर म्हणाल्या, "मिक्सरात चटणी फिरते गं. वाटली जात नाही." झालं, विषय संपला.

सुरुवातीला मला या वरवंट्याची भारी ऐट होती. मी स्वतः तो घेऊन जायची, बारशाला मिरवायची, परत आणायची. मग वर्षं जात चालली. बारशी इतरांकडे होत राहिली आणि वरवंटा माझ्याकडे परत येत राहिला, गालावर तीट घेऊन. काजळ दगडाच्या बारीक बारीक खाचांत जाऊन बसतं, घासून निघता निघत नाही. सिंकपाशी उभी राहून मी ते नारळाच्या काथ्याने घासायची आणि मला असा काही राग यायचा की काय सांगू! कुणावर, ते मलाही धड सांगता आलं नसतं.

राग माझ्या नाकावरच असतो, हे आधीच कबूल करते. नवरा शांत. मंत्रालयात फायलींमध्ये बसून बसून आणखीच शांत झालाय. मी गुरुग्रामला एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. आता गंमत बघा. वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांसाठी ताणतणावाची कार्यशाळा असते ना, ती मीच भरवते. हॉल मी ठरवते, सामोसे मी मागवते, हसऱ्या चेहऱ्याचे पिवळे स्पंजाचे चेंडूही मीच खोकाभर मागवते. मुठीत धरून दाबायचे, म्हणजे ताण जातो म्हणे. तर ज्या दवाखान्यात आमचे मूल होण्याचे उपचार चालले होते, तिथल्या समुपदेशक बाईने पहिल्याच भेटीत माझ्या हातात काय ठेवावं? तोच पिवळा चेंडू.

"मॅम, आप बहुत स्ट्रेस लेती हैं," ती इतक्या मऊ आवाजात म्हणाली की मला जांभई आली. "स्ट्रेस कम कीजिए. गहरी साँस लीजिए." दिल्लीत, नोव्हेंबरमध्ये, गहरी साँस! बाहेर समोरची इमारत दिसत नव्हती. मी तिला तसं म्हटलं. ती हसली आणि तिने काहीतरी लिहून घेतलं.

ती वाईट नव्हती. पण तिच्या बोलण्यातून मी काय ऐकलं, ते सांगते. मूल होत नाही म्हणून मला चिंता, आणि चिंता करते म्हणून मूल होत नाही. म्हणजे फिरून फिरून गाडी माझ्याच दारात उभी! रात्री डोळा लागला नाही तरी मी घाबरायची की आज झोप नाही झाली, आता ताण वाढला असेल, आता आत काहीतरी बिघडलं असेल. ताण घ्यायचा नाही याचाच एवढा ताण मी आयुष्यात कधी घेतला नव्हता, दहावीच्या परीक्षेलाही नाही.

आणि सल्ले! "टेन्शन घेऊ नकोस." माहेरून फोन, टेन्शन घेऊ नकोस. भावजय, टेन्शन घेऊ नको हं. ऑफिसात साहेब, "यार, टेन्शन मत लो, हो जाएगा." मेट्रोत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने माझ्या हातातली दवाखान्याची फाइल पाहिली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटून तेच सांगितलं. एक चुलत नणंद म्हणाली, "विचार करणं सोडलं की लगेच होतं, आमच्या ओळखीत तिघींना झालं." डोंबलाचं सोडलं! तिला म्हणावं, जेवणाचा विचार सोड, बघू पोट भरतं का. या एका वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. म्हणणाऱ्याचं काम दोन शब्दांत होतं, आणि माझ्या डोक्यावर आणखी एक काम येऊन पडतं.

तर ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. आमचा एकच गर्भ उरला होता. शरीराबाहेर तयार करून गोठवून ठेवतात आणि मग आत सोडतात, तसला. याआधीचे सगळे गेले होते. डॉक्टरीण बाई स्पष्टवक्त्या. त्या म्हणाल्या, हा राहिला तर राहिला, यानंतर मी तुम्हाला सुचवणार नाही. माझं वय, माझ्या तपासण्या, सगळं त्यांनी समजावलं. आम्ही दोघांनीही ठरवलं की हा शेवटचा, यापुढे माझ्या अंगात ताकद नाही. एका सकाळी तो आत सोडला. पडद्यावर एक पांढरा ठिपका दाखवला मला. आता दोन आठवडे थांबायचं, मग रक्त तपासायचं.

त्या दोन आठवड्यांसाठी आई नागपूरहून आल्या. त्या टेन्शन घेऊ नकोस म्हणाल्या नाहीत. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. सकाळी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पाट्यावर काही ना काही वाटत बसायच्या. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, ठेचा. तीन माणसांना कुठे लागतंय एवढं? बरण्या भरल्या, तरी वाटतच होत्या. मी रजेवर होते, पलंगावर पडून तो घर्रघर्र आवाज ऐकायची.

ज्या बाईने हे दोन आठवडे काढलेत, तिला मी सांगायला नको. बाथरूमला जायची भीती वाटते. प्रत्येक वेळी बघायचं, रक्त दिसतंय का. पोटात जरा दुखलं तरी घाबरायचं, अजिबात दुखलं नाही तरी घाबरायचं. आणि मग माझ्या लक्षात एक गोष्ट आली. मी बाथरूमचं दार लावलं की स्वयंपाकघरातला वरवंट्याचा आवाज थांबायचा. मी बाहेर येऊन पलंगावर बसले, काही बोलले नाही, की पुन्हा सुरू व्हायचा. आधी मला वाटलं योगायोग असेल. मग मी मुद्दाम ऐकायला लागले. दर वेळी तसंच. त्याही तिकडे हात थांबवून कान देऊन बसत होत्या.

आमच्या दोन मजले खाली एक जळगावकडची मुलगी राहते. मला ताई म्हणते. तिच्या डोहाळजेवणाला मी गेले होते, ओटी भरली होती, गजरा माळला होता. माझा गर्भ आत सोडला त्याच्या आदल्या दिवशी तिला मुलगी झाली. म्हणजे बारसं माझ्या या दोन आठवड्यांतच येणार, हे मला ठाऊक होतं. वरवंट्यासाठी फोन येईल म्हणून मी वाट बघत होते. आईंना म्हटलंसुद्धा, आता ठेचा करू नका हं, मिरचीचा वास राहतो, बाळाच्या अंगाला लागायचा.

फोन आला नाही. आमच्या मराठी मंडळातल्या बायकांचा मोबाइलवरचा ग्रुप, जो एरवी पहाटेपासून फुलं आणि सुविचार टाकून जीव खातो, तो एकदम गप्प. एका दुपारी औषधं आणायला खाली निघाले, तर लिफ्टमध्ये आमच्याच मंडळातल्या दोघी, आणि दोघींच्या मध्ये एक लाकडी पाळणा. मला बघितलं आणि अळीमिळी गुपचिळी.

"काय, कुठे निघालात?" मी विचारलं.

"अगं काही नाही, दिवाळीची साफसफाई," एकजण म्हणाली. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते!

दुसरीने माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "तू कशाला उतरलीस? आराम कर. टेन्शन घेऊ नकोस."

संध्याकाळी नवरा घरात शिरला तो बॅग खांद्यावरून काढायच्या आत मी त्याला गाठलं. "खाली बारसं आहे आणि मला कुणी सांगत नाहीये. का?"

तो बूट काढत राहिला. मग म्हणाला, "मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"की आत्ता तिला बोलवू नका. त्या काउन्सेलर बाई म्हणाल्या होत्या, त्रास होईल असं काही समोर नको. फक्त हे दोन आठवडे."

"म्हणजे अख्ख्या सोसायटीला तू सांगून आलास, की वरच्या बाईला बाळ दिसलं की ती पिसाळते! आता मी लिफ्टमध्ये शिरले की सगळ्या पाळणे लपवणार! अरे, मी काय अपशकुनी आहे? माझी नजर लागेल म्हणून घाबरल्यात का त्या?"

"असं नाही गं..."

"मग कसं? सांग ना कसं!"

मी खूप बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो चपलांच्या कपाटावर बसून राहिला, एक बूट पायात, एक हातात. मी थांबले तेव्हा तो म्हणाला, "मग मी काय करू ते तरी सांग. तुला इंजेक्शन देता येतं, ते देतो. बाकी मला यातलं काहीच करता येत नाही. म्हटलं, एवढं तरी करावं." आणि रडायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता मी त्याची समजूत काढायला हवी, पण माझ्याजवळ काही शिल्लकच नव्हतं. मी त्याच्या हातातला बूट घेतला आणि खाली ठेवला. स्वयंपाकघरात वरवंट्याचा आवाज बंद होता.

दुसऱ्या दिवशी बारसं होतं. मी साडी नेसले. आईंना म्हटलं, "चला, वरवंटा द्यायला जायचंय." मी उचलायला वाकले तशा त्या ओरडल्या, "हात लावू नकोस!" आणि सत्तरीच्या बाईने तो कमरेवर घेतला, एखादं पोर घ्यावं तसा.

दार उघडलं आणि आतला आवाज एकदम बंद पडला. त्या जळगावच्या मुलीचा चेहरा पांढरा. मी म्हटलं, "काय गं, माझ्याशिवाय बारसं करतेस? आणि वरवंटा कुठून आणलास?" पाटावर झबलं-टोपडं घातलेलं काहीतरी ठेवलं होतं. मी टोपडं वर करून पाहिलं. डंबेल! तिच्या नवऱ्याचं व्यायामाचं डंबेल, दोन्हीकडे गोळे असलेलं, त्याच्या एका गोळ्याला टोपडं आणि काजळाची तीट. मला असं हसू फुटलं की मला आवरेचना. मग सगळ्याच हसल्या. ती मुलगी हसता हसता रडायला लागली आणि माझ्या गळ्यात पडली. "ताई, मला तुम्हाला बोलवायचंच होतं हो." मी म्हटलं, "माहितीये. आता डंबेल उचल, नाहीतर पोरगी पैलवान होईल."

मग आमच्या वरवंट्याला कोमट पाण्याने न्हाऊ घातलं, पुसलं, तेच झबलं, तेच टोपडं. आईंनी स्वतः टोपड्याचे बंद बांधले. शेजारची एक पंजाबी बाई मोबाइलवर सगळं टिपत होती, तिने विचारलं, "ये पत्थर को टोपी क्यों पहनाते हैं?" आणि सगळ्यांनी एकदम वेगवेगळी उत्तरं दिली. मंडळातल्या सगळ्यात वयस्कर काकू म्हणाल्या, "पहिल्यांदा हिच्या मांडीवर द्या."

मांडीवर घेतला. दगड गरम होता. मी इतकी वर्षं त्याला घासत आले, धुवत आले, पण न्हाऊन आलेला, पुसलेला, टोपडं घातलेला तो असा मांडीवर कधी घेतला नव्हता. जड होता आणि गरम होता. मला तो पुढे द्यायचा होता, समोरची हात पसरून बसली होती, पण माझे हात सुटेनात. काकूंनी हळूच म्हटलं, "दे हं आता पुढे." मी दिला. मग बाळ आलं. तेही मी हातात घेतलं आणि दिलं. मला त्रास झाला नाही, खरंच नाही. उलट त्या दुपारी मी भात, मठ्ठा, जिलबी सगळं खाल्लं, आणि घरी येताना मला वाटलं, होणार. या वेळी होणार. मी कुणाला बोलले नाही, पण मला अगदी पक्कं वाटलं होतं.

संध्याकाळी त्या मुलीच्या नवऱ्याने वरवंटा आणून दिला, टोपड्यासकट. आईंनी तो पाट्यावर ठेवला.

बारशानंतर तिसऱ्या दिवशी रक्त दिलं, रिपोर्ट दुपारी मोबाइलवर आला. निगेटिव्ह. एवढंच. मी तो दोनदा उघडला, बंद केला. नवऱ्याला दाखवला. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आमच्याकडे विमानं अगदी डोक्यावरून उतरतात, त्यांच्याकडे बघत राहिला. डॉक्टरीण बाईंचा फोन आला. मी त्यांना विचारलं, माझ्या ताणामुळे झालं का? बारशाला गेले म्हणून? नवऱ्याशी भांडले म्हणून? त्या म्हणाल्या, "नाही. तुम्ही काही केल्यामुळे नाही आणि काही न केल्यामुळे नाही. काही गर्भ राहतच नाहीत." त्यांना वाटलं असेल मला बरं वाटेल. पण माझ्या हातातून तेही गेलं. माझं चुकलं असतं, तर पुढच्या वेळी सुधारलं असतं. आता पुढची वेळ नव्हती, आणि चूकही नव्हती. मी पलंगावर पडले आणि मोठमोठ्याने रडले. शेजारच्या घरात ऐकू गेलं असणार, जाऊ दे.

आई दारात आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चहा ठेवते." गेल्या. बराच वेळ झाला, चहा आला नाही. स्वयंपाकघरातून काहीच आवाज नव्हता, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बारशापासून या घरात वरवंट्याचा आवाजच आलेला नाही. मला वाटलं होतं, दमल्या असतील.

मी उठून गेले. आई खाली जमिनीवर बसल्या होत्या. वरवंटा मांडीवर. त्याच्या डोक्यावर अजून टोपडं होतं. त्या त्याचे बंद सोडत होत्या आणि गाठ सुटत नव्हती. आवाज न करता रडत होत्या, पदर सगळा ओला.

"सुटत नाही गं," त्या म्हणाल्या. "मीच मेली घट्ट बांधली."

"एवढे दिवस काढलं का नाही, आई?"

"म्हटलं, तुझं कळेपर्यंत राहू दे. अंगावर कपडे असताना वाटायचं कसं त्याने?"

मी त्यांच्याशेजारी बसले. जिने मला इतक्या वर्षांत एक शब्द विचारला नाही, एक सल्ला दिला नाही, तिला मी काय सांगू? की होईल? होणार नव्हतं. की रडू नका? मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई," मी म्हटलं, "टेन्शन घेऊ नका."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा गाठ सोडायला लागल्या.